रुमणं नसलेल्या नांगरास

प्रिय नांगरा,

गावाकडच्या गोठ्यात तुला भिंतीला टेकवून ठेवलं, त्या दिवसापासून येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो आहे. "हा कसला नांगर? ह्याला रुमणं कुठंय?" शेजारचे तात्या उकिडवे बसून तुझ्या फाळावर टकटक करून गेले. "फाळ बरा आहे," म्हणाले, "पण बैल जुंपायचे कुठं?" मी सांगितलं, हा समुद्रातला नांगर. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलून विहिरीच्या पाण्यावर आणला.

तुझ्या शेजारी आमच्या आबांचा किर्लोस्कर नांगर उभा आहे. त्याचं लाकूड वाळवीनं खाल्लंय, लोखंड शाबूत आहे. तुम्ही दोघं पहिल्यांदाच शेजारी आलात, पण भाषेनं तुमची सोयरीक फार पूर्वीच करून ठेवलेली. शेत नांगरलं म्हणजे उलथंपालथं केलं, बोट नांगरली म्हणजे जागच्या जागी थांबवली. शेतातला नांगर तास सोडत पुढं गेला नाही तर मालक त्याला शिव्या घालतो. तू चुकून जरी तास सोडत निघालास तर बोटीवरच्यांचा जीव घशात येतो. एकच नाव आणि नेमकी उलटी कामं.

हे पत्र उघडपणे लिहितोय ते तात्यांसाठी नाही. अलीकडे मुंबईतली, पुण्यातली, गोव्यातली हौशी मंडळी शिडाच्या छोट्या बोटी घेऊन किनाऱ्यानं फिरायला लागली आहेत. दिवसा शीड, रात्री एखाद्या खाडीत मुक्काम. रात्री खाली उतरून झोपताना ती तुझ्या भरवशावर डोळे मिटतात, आणि तुझ्याबद्दल त्यांचे गैरसमज पुष्कळ आहेत. माझेही होते.

पहिला गैरसमज वजनाचा. नांगर जड म्हणून बोट थांबते, असं मला वाटायचं. तुझं वजन अवघं सोळा किलो. आमची बोट एकतीस फुटी, काही टनांची. वजनावरच भागायचं असतं तर वाऱ्याच्या पहिल्या झुळकीला तू फरफटत गेला असतास. तू धरतोस ते जमिनीत घुसून, आणि घुसतोस ते ओढ आडवी असेल तरच. साखळी तळाशी लोळत, जमिनीला समांतर तुला ओढत असली तर प्रत्येक हिसक्यानं तू आणखी खोल जातोस. तीच साखळी आखूड होऊन वरून ओढायला लागली की दातात अडकलेली काडी उपसावी तसा उपसला जातोस.

हे आमच्या बोटीच्या कॅप्टनांनी मला समजावलं तेव्हा आबा आठवले. आमची जमीन बार्शीकडची, काळी, चिकट. उन्हाळ्यात नांगरट करायला चार-चार जोड्या लागायच्या. लांब साखळीनं बैल जोडलेले, पुढच्या जोडीपाशी मी, रुमण्यावर आबा. नांगर उथळ चालायला लागला की आबा मागून ओरडायचे, "साखळी आखडली पोरा, फाळ वर येतोय! लांबव!" साखळी एक-दोन कड्या लांबवली की फाळ पुन्हा मातीत. आबांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पण जयगडच्या खाडीत कॅप्टन "अजून सोड, अजून सोड" म्हणत होते तेव्हा मला दोन आवाज ऐकू येत होते.

तुझा आकार शेतातल्या नांगराचा आहे हा योगायोग नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला 1903 साली. लोखंडानं जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्यानंतर तीस वर्षांनी, 1933 मध्ये, केंब्रिजच्या जी. आय. टेलर या शास्त्रज्ञानं तुझ्या घराण्याच्या मूळपुरुषाचं पेटंट घेतलं. वाहत्या पाण्याचं आणि हवेचं गणित हा या माणसाचा विषय, आणि सुट्टीत शिडाची बोट घेऊन फिरणं हा छंद. तोवर छोट्या बोटींचे नांगर म्हणजे बहुधा आडव्या दांड्याची, दोन हातांची अवजड धुडं. टेलरनं नांगराचा फाळ घेतला, त्याला बिजागर लावून दांडा जोडला, आणि निम्म्याहून कमी वजनात तीच पकड मिळवली. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना असा हलका नांगर हवाच होता. नाव ठेवलं सीक्यूआर. ही तीन अक्षरं इंग्रजीत भरभर म्हटली की 'सिक्युअर' ऐकू येतं. शास्त्रज्ञाचा विनोद.

तुझा-माझा खरा परिचय मात्र एका रात्रीचा.

एप्रिल सरत आला होता. बोट मुंबईहून गोव्याकडे चाललेली. आम्ही तिघं. कॅप्टन म्हणजे मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले अलिबागचे गृहस्थ, त्यांचा भाचा, आणि मी, पन्नाशी उलटल्यावर समुद्राचं वेड लागलेला देशावरचा माणूस. संध्याकाळी पाचच्या सुमारास जयगडच्या भूशिराला वळसा घालून शास्त्री नदीच्या मुखात आत शिरलो. खाडी निवांत. पलीकडच्या तवसाळकडे फेरीबोट चाललेली, पश्चिमेला मासेमारीच्या चार-पाच होड्या नांगरलेल्या. खारा वारा मंद होत चाललेला.

कॅप्टनांनी खोली पाहिली. चार मीटर. मी म्हटलं, चार पंचे वीस, वीस मीटर साखळी सोडली की झालं. ते हसले. "आत्ता ओहोटी आहे. अवस जवळ आली, उधाणाची भरती चढेल. दोन मीटर ते धर. नाळ, म्हणजे बोटीचं नाक, पाण्यापासून एक मीटर उंच, तेही धर. सात झाले. सात पंचे पस्तीस. आणि वारा आला तर सात सत्ते एकोणपन्नास." आमच्याकडे तीस मीटर साखळी आणि तिच्यापुढे नायलॉनचा जाड दोर. सगळी साखळी आणि पाच मीटर दोर सोडला. मग इंजिन उलटं टाकून त्यांनी बोट हळूहळू मागे रेटली आणि मला म्हणाले, "दोराला तळवा लाव. काय वाटतं सांग."

आधी दोर थरथरला. बैलगाडी खडीवरून जाते तसा. मग थरथर विरळ झाली, दोर ताणला गेला, आणि शांत. इंजिन मागे ओढतंय, दोर ताठ, पण हाताला काहीच जाणवत नाही. "धरलं," मी म्हणालो. तळाच्या चिखलात, मला न दिसणाऱ्या जागी, तू मातीत शिरला होतास आणि ते मला तळहातानं कळलं होतं. त्यानंतर कॅप्टनांनी दक्षिणेच्या काठावरचा एक पिवळा दिवा दाखवला. त्याच्या बरोबर मागे टेकडीवर एक पांढरा. "हे दोन एका रेषेत आहेत. रात्री जाग आली की आधी हे बघायचं. मग पाणी प्यायचं."

दहाच्या सुमारास वारा पडला. एकदम, पंखा बंद करावा तसा. पूर्वेला सह्याद्रीवर वीज चमकत होती, आवाज नव्हता. मग मातीचा वास आला. तोच, वळवाचा. घरी असतो तर अंगणात खुर्ची टाकली असती. कॅप्टन उठून बसले, शर्ट घातला आणि म्हणाले, "इंजिन चालू कर, गिअर टाकू नको."

तेव्हा बोटीची स्थिती अशी होती की भरती आत चढत होती, म्हणून बोटीचं नाक समुद्राकडे, पश्चिमेला. आणि वारा यायचा होता पूर्वेकडून, पाठीमागून. तो आला तेव्हा बोटीला काही सुचेना. पाणी एकीकडे ढकलतंय, वारा दुसरीकडे. ती आडवी झाली, एका कुशीवर कलली, आणि मग वाऱ्यानं बाजी मारली. बोट गर्रकन फिरली. संध्याकाळपासून एका दिशेनं ओढला गेलेला तू आता नेमक्या उलट्या दिशेला ओढला गेलास. नांगर सुटतात ते बहुधा याच घडीला.

दोन्ही दिवे फाकले. बोट फिरली की दिवे फाकणारच, त्यात विशेष नाही. पण बोट फिरून थांबली की दिव्यांनीही थांबायला हवं. ते थांबेनात. पिवळा पुढे, पांढरा मागे, अंतर वाढतच चाललं. मी पालथा पडून नाळेवर गेलो आणि दोराला तळवा लावला. गडगड, गडगड, मग थांबायचं, मग पुन्हा गडगड. तू नांगरत होतास. अगदी आबांसारखा, सरळ तास धरून, जयगडच्या खाडीचा तळ.

मागच्या होडीवरून कोणी तरी बॅटरी हलवत ओरडलं, "ओ! नांगर धरत नाही तुमचा!" ते आम्हाला कळलेलं होतं. त्यानंतर मोबाइलवरचा नांगराचा अलार्मही वाजला, सगळ्यात शेवटी.

वाऱ्याचा काटा 38 नॉटवर. म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर. वाऱ्याच्या या हिशेबात लोक फसतात. वारा दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. संध्याकाळच्या झुळकीत पाचशे वेळा धरलेला नांगर वादळात धरेलच याला आधार नाही. अशा वाऱ्यात साखळीची झोळही उरत नाही. तळाशी लोळणारी बेचाळीस किलोची साखळी तारेसारखी सरळ होते, आणि हिसका थेट तुझ्या दांड्याला बसतो. त्या वेळी उपयोगी पडतो तो नायलॉनचा दोर, कारण तो ताणला जातो आणि हिसका गिळतो. आणि तोच दोर नाळेवरच्या रुळावर घासून तुटूही शकतो. भाच्यानं बागेच्या पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा उभा चिरून दोरावर चढवला आणि नेमका घासणाऱ्या जागी बांधला. त्या रात्रीची सगळ्यात मोलाची वस्तू ती. तीस रुपयांची असेल.

कॅप्टनांनी इंजिन पुढे टाकलं, अगदी हळू. बोट पुढे न्यायची नव्हती, तुझ्यावरचं ओझं थोडं हलकं करायचं होतं. आणि मला ओरडून सांगितलं, "सोड!"

माझा हात धजेना. बोट मागे मागे चाललेली, मागे होड्या, आणि हा माणूस दोर आणखी सोडायला सांगतोय. अंगातली प्रत्येक नस म्हणत होती की आवळून धर. साखळी आखडली पोरा, लांबव. मी सोडला. पंधरा मीटर, मोजून. दोर खुंटीवर पुन्हा गुंडाळला आणि हात ठेवून बसलो.

गडगड. गडगड. मग एक गचका असा बसला की मी नाळेवर आपटलो. नाक वाऱ्याकडे वळलं आणि तिथंच राहिलं. दोराला तळवा लावला. तो ताठ होता, ओला होता, आणि काहीही बोलत नव्हता.

पुढचा अर्धा तास पाऊस कोसळला. बोट नाकपुडीत वेसण असलेल्या खोंडासारखी डावी-उजवीकडे झटे देत राहिली. दिवे फाकलेले होते, पण जिथं फाकले तिथंच. मग वारा जसा आला तसा गेला, वर चांदण्या आल्या आणि काठावरचे बेडूक ओरडायला लागले. मागच्या होडीवरून आवाज आला, "चहा ठेवलाय, येताय का?" त्यांची होडी आमच्यापासून तीस-चाळीस हातांवर होती. संध्याकाळी ती शंभरावर होती.

सकाळी तुला वर काढलं तेव्हा तू शेणकाल्यासारख्या काळ्या चिखलानं माखला होतास. आणि तुझ्या गळ्यात, फाळावरून सरकत सरकत दांड्यापर्यंत चढलेली, सिमेंटची एक प्लास्टिकची गोणी होती, जुन्या जाळ्याच्या तुकड्यासकट. उलटं फिरताना तू उपटला गेलास, पुन्हा रुतायला गेलास, आणि फाळाच्या टोकाशी हे आलं. ही गोणी घेऊनच तू तास काढत होतास. ती वर सरकली तेव्हा टोक मोकळं झालं आणि तू शिरलास. त्या रात्री तुला मी बऱ्याच शिव्या दिल्या होत्या. त्या या पत्रानं परत घेतो. ती गोणी आम्हा माणसांपैकीच कोणीतरी टाकलेली.

पण नांगरा, तुझी आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. तुझ्यावरचा आंधळा विश्वासही लोकांना बुडवतो, हे तुझ्या तोंडावर सांगायला हवं.

बेर्नार मोईतेसिये हे नाव शिडाच्या बोटीवाल्यांत देवासारखं घेतलं जातं. 1968 च्या एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत हा फ्रेंच माणूस होता. केप हॉर्न ओलांडल्यावर, जिंकायची संधी समोर असताना, त्यानं शर्यत सोडली आणि ताहितीकडे निघून गेला. शर्यत जिंकली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननं, आपल्या मुंबईत सागवानात बांधलेल्या 'सुहेली'वरून. तर मोईतेसियेची पोलादी बोट 'जोशुआ', तीन महासागर पचवलेली, 1982 च्या डिसेंबरात मेक्सिकोतल्या काबो सान लुकासच्या किनाऱ्याला नांगरलेली होती. जागा उघडी. नेहमीचा वारा जमिनीवरून यायचा, म्हणून सगळे निर्धास्त. त्या रात्री वारा समुद्रावरून आला. मागे वाळू, पुढे फुटणाऱ्या लाटा. सकाळी दोन डझनांहून अधिक बोटी किनाऱ्यावर पडल्या होत्या, त्यांत 'जोशुआ'ही. त्यानं ती दोन तरुणांना नाममात्र पैशांत देऊन टाकली. पुढे ती दुरुस्त झाली आणि फ्रान्समध्ये ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाकडे गेली. त्या रात्री नांगर कमी पडले, पण त्याआधी कमी पडला होता तो निर्णय. वारा फिरण्याआधी, उजेड असताना, शीड उभारून खोल पाण्यात निघून जायचा.

आपल्याकडे हे सांगायला मेक्सिकोपर्यंत जायला नको. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासत वर गेलं. मुंबईपासून दूर, हीरा तेलक्षेत्रात नांगरलेल्या पी-305 या तराफ्यावर 261 माणसं होती. नांगर सुटले, तो भरकटला, 17 मे रोजी बुडाला, आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. आपल्या बंदरांतसुद्धा वादळाच्या रात्री नांगरलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटतात. तीन नंबरचा बावटा लागला की कोकणातला जुना तांडेल आधी विचारतो, कुठल्या खाडीत शिरू? नांगर किती मोठा टाकू हा त्याचा दुसरा प्रश्न असतो. आमच्यासारखे हौशी हे प्रश्न उलट्या क्रमानं विचारतात. तिकडेच सगळा घोटाळा आहे.

आधी जागा. वारा फिरला तर मागे काय येईल? खडक, वाळू, का मोकळं पाणी? तळ कसला? वाळू आणि घट्ट चिखल तू धरतोस, खडकावर घसरतोस, शेवाळात फसवतोस. शेजारी किती, आणि ढील सोडायला जागा किती? एवढं जमलं तर मग तू. जागा चुकली तर जगातला सगळ्यात महाग नांगरही काय करणार? चुकीच्या मुहूर्तावर लावलेलं लग्न जपण्यापलीकडे त्याच्या हातात काही नसतं.

आता तुला गोठ्यात का आणलं ते. गेल्या दिवाळीत कॅप्टनांनी नवा नांगर घेतला. न्यूझीलंडच्या पीटर स्मिथनं काढलेल्या पद्धतीचा, पळीसारखा खोलगट, पाठीवर कमान. उलटा पडला तरी कमानीमुळे सुलटा होतो आणि चटकन रुततो. मऊ चिखलात ओढ वाढली की तुझं घराणं हळूहळू सरकत, नांगरत जातं, ही तक्रार जुनीच आहे. नवा तसं करत नाही म्हणतात. तुला भंगारात द्यायचं ठरलं होतं. भाव किलोवर लागणार होता. सोळा किलो. मी म्हटलं, मला द्या.

काल पाऊस पडून गेल्यावर तात्या पुन्हा आले. आबांच्या नांगराच्या रुमण्यावर हात ठेवून उभे राहिले आणि तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याला मागून कोण धरतं?" मी म्हटलं, "कोणी नाही. धरायचं काम ह्याचंच." तात्यांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही कळलं नाही, पण ह्या वेळी त्यांनी विहिरीचा विषय काढला नाही.

पावसाळा संपला की बोट पुन्हा पाण्यात उतरेल. नव्या नांगराबद्दल भाचा भरभरून बोलतो, त्याचे व्हिडिओ दाखवतो. मी ऐकून घेतो. त्या नांगराला पत्र लिहायची मला घाई नाही. आधी त्यानं एक रात्र काढावी.

तुझा,
दोर सोडायला घाबरलेला

ता. क. – तुझ्या बिजागरात जयगडचा चिखल अजून वाळून बसलेला आहे. तात्यांनी तो नखानं उकरला, बोटांत चुरला, वास घेतला आणि म्हणाले, "कांदा चांगला येईल."